सावकार क्रॉप केला, गोष्ट व्हायरल झाली

विठाबाई नारायणगावकरांचं ते रील तुम्ही एव्हाना पाहिलं असेल. दिवस भरलेली बाई तमाशाच्या बोर्डावर नाचतेय. कळा सुरू होतात, ती पडद्यामागे जाते, बाळंत होते, दगडाने नाळ तोडते आणि पदर खोचून पुन्हा बोर्डावर उभी राहते. ढोलकीचा आवाज चढत जातो आणि शेवटी पांढऱ्या अक्षरांत येतं, ‘याला म्हणतात कामावरची निष्ठा’. कुठे ‘पॅशन’ लिहिलेलं असतं, कुठे ‘नो एक्सक्यूज’. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. सोमवारी सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी ते टाकतं आणि सुट्टी मागायला निघालेला माणूस गप्प बसतो.

ही गोष्ट आमच्या भागात रील यायच्या कितीतरी आधीपासून सांगतात. ती खोटी आहे, असं माझं म्हणणं नाही. ती कापलेली आहे, असं माझं म्हणणं आहे. फोटो क्रॉप करतात तशी. मधला चेहरा ठेवायचा आणि कडेची माणसं उडवायची. गंमत अशी, की कडेला जी माणसं उभी असतात, बहुतेक वेळा तीच त्या गोष्टीला कारण असतात.

‘कथा म्हटली की एवढं चालायचंच’ असं कुणी म्हणेल. नाही. नीतीची गोष्ट चित्रातून सांगायची तर कडेची माणसं ठेवूनही सांगता येते, आणि ती बाजारात खपतेही. पावणेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका माणसाने हे करून दाखवलंय. त्याचं नाव विल्यम हॉगार्थ.

हॉगार्थ १६९७ साली जन्मला. लहान असताना त्याचा बाप कर्जापायी तुरुंगात गेला. पोरगा चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. पुढे तो तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरू लागला. पत्रा कोरायचा, रेघांत शाई भरायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. एका पत्र्यातून शेकडो प्रती निघतात. ज्याला मोठं तैलचित्र परवडत नाही तोही छापचित्र घेऊ शकतो, आणि ज्याला तेही परवडत नाही तो दुकानाच्या खिडकीत बघू शकतो. त्या काळातलं व्हायरल ते हेच. त्याची चित्रं इतकी चोरून छापली जायची, की त्याने आणि इतर चित्रकारांनी मिळून संसदेकडून छापचित्रांसाठी कॉपीराइटचा कायदा करून घेतला. २५ जून १७३५ रोजी तो लागू होईपर्यंत हॉगार्थने आपली नवी मालिका अडवून ठेवली होती. तुमचं रील कुणी क्रेडिट न देता उचललं तर कसं वाटतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

१७३२ साली त्याची ‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ ही सहा चित्रांची मालिका आली. मॉल नावाची खेड्यातली पोरगी कामाच्या शोधात लंडनला येते, वेश्या होते आणि तेविसाव्या वर्षी मरते. गोष्ट एवढीच. आपल्याकडच्या यमपुरीच्या तक्त्यासारखी, करणी तशी भरणी. पण पहिलंच चित्र नीट बघा. मॉल नुकतीच गाडीतून उतरलीय. तिच्या हनुवटीला हात लावून तिला पारखणारी बाई ही लंडनमधली खरीखुरी कुंटणखानेवाली आहे, मदर नीडहॅम. मागे दारात टपून उभा असलेला इसम म्हणजे कर्नल चार्टरिस. मोलकरणीवर बलात्कार केल्याबद्दल १७३० साली त्याला फाशीची शिक्षा झाली होती आणि राजाने माफीही दिली होती. शेजारी घोड्यावर एक पाद्री आहे. त्याची नजर हातातल्या पत्रावर आहे, पाठीमागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही, किंवा बघायचं नाही. मॉलच्या सामानात एक बदक आहे, लंडनमधल्या चुलतभावासाठी आणलेलं. तो भाऊ तिला घ्यायला आलेलाच नाही.

पुढच्या चित्रांत तिला पकडायला येणारा न्यायाधीश आहे, तोही खराच. तुरुंगात तिच्याकडून अंबाडी कुटून घेणारा पहारेकरी आहे. ती मरत असताना औषधावरून भांडणारे दोन डॉक्टर आहेत आणि त्याच वेळी तिची पेटी उचकटणारी बाई आहे. शेवटच्या चित्रात तिच्या शवपेटीचा लोकांनी दारूचे पेले ठेवायला टेबलासारखा वापर केलाय, आणि तिचा लहान मुलगा खाली बसून भोवरा खेळतोय.

वरवर पाहिलं तर हॉगार्थ सांगतोय, ‘पोरींनो, वाट चुकू नका.’ पण त्याने ती वाट कुणी आखली, कुणी तिचे पैसे घेतले आणि कुणी मान फिरवली, हे सगळं नावानिशी चित्रात ठेवलंय. चित्र बघणाऱ्या लंडनकराला ती तोंडं ओळखू येत होती.

आता विठाबाईंकडे परत येऊ. मॉलची आणि त्यांची तुलना करायची नाही. त्या आपल्या कलेच्या मालकीण होत्या, राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेल्या. तुलना गोष्ट सांगणाऱ्यांची आहे.

रीलमध्ये काय नाही? पहिलं म्हणजे त्यांचं पूर्ण नाव नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ याच नावाने गाजला. जात फडाच्या नावात होती, कारण गावाला ती कधी विसरायची नव्हती. रीलमध्ये तेवढा एक शब्द गळतो आणि बाई एकदम ‘प्रेरणादायी महिला’ होते. दुसरं, त्यात पैसा नाही. आजही गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, घासाघीस करतात, सुपारी ठरते. सगळा धंदा सात-आठ महिन्यांच्या हंगामावर. कलावंताने फडमालकाकडून उचल घेतलेली, फडमालकाने सावकाराकडून. एक खेळ बुडाला तर किती जणांचं काय बुडतं, हा हिशोब कळल्याशिवाय कळा सोसत बोर्डावर उभी राहिलेली बाई कळत नाही. निष्ठा असेलही. पण तिच्या जागी तुम्ही असता तर ‘आज नको’ म्हणायची मुभा कुणी दिली असती का, हा प्रश्न निष्ठेच्या आधी येतो.

तिसरी कापलेली गोष्ट मला सगळ्यात जास्त झोंबते. आमच्याकडे ही कहाणी सांगताना तिचा शेवट असा सांगतात. विठाबाई परत बोर्डावर आल्या, प्रेक्षकांच्या लक्षात आलं की पोट उतरलंय. काय घडलं ते कळल्यावर लोकांनीच हात जोडले, ‘बाई, बास. आता खेळ नको, तुम्ही आराम करा.’ म्हणजे या सगळ्या कहाणीत शहाणपणाचं वाक्य जर कुणी बोललं असेल, तर ते तंबूतल्या पब्लिकने. खेळ थांबवा. रीलवाल्यांनी नेमकं तेच काढून टाकलं आणि ‘थांबू नका’ असा बोध चिकटवला.

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. दवाखान्याचं बिल देणगीतून भागवावं लागलं. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. हॉगार्थने सातवं चित्र काढलं असतं तर ते बहुधा याच कार्यक्रमाचं असतं. शाल, श्रीफळ आणि हार घालायला उभे असलेले मान्यवर.

आता दुसरं चित्र. २०२३ च्या जुलैमध्ये जुन्नर तालुक्यातला एक शेतकरी देशभर गाजला. महिन्याभरात तेरा हजारांवर क्रेट टोमॅटो विकून दीड कोटी कमावले, अशा बातम्या आल्या. लगेच रील आले, ‘नोकरी सोडा, शेती करा’, ‘मेहनतीला पर्याय नाही’. माणसाने खरंच मेहनत केली होती, त्याच्या पैशाला माझी काही हरकत नाही. हरकत चौकटीला आहे. दोनच महिने आधी, मे महिन्यात, टोमॅटोला किलोमागे दोन-तीन रुपये मिळत होते आणि लोक माल रस्त्यावर ओतत होते. भाव पडला म्हणून लागवड घटली, त्यात उन्हाने आणि रोगाने पीक गेलं, म्हणून जुलैत टंचाई झाली. ज्यांचं मे महिन्यात वाटोळं झालं त्यांच्या जागेवर जुलैचा भाव उभा होता. मग शहरात ओरड झाली, केंद्राने नाफेड आणि एनसीसीएफमार्फत स्वस्त टोमॅटो विकला, नेपाळहून आणला. सप्टेंबरमध्ये भाव पुन्हा मातीत. मे महिन्यातल्या शेतकऱ्याने मेहनत कमी केली होती का? त्याच बियाण्याचा, त्याच ठिबकचा, त्याच नारायणगाव मार्केटचा माणूस होता तो.

हॉगार्थनेही हा घोळ घातलाय. १७४७ सालच्या ‘इंडस्ट्री अँड आयडलनेस’ या बारा चित्रांच्या मालिकेत विणकराकडे दोन उमेदवार आहेत. गुडचाइल्ड मन लावून काम करतो, मालकाच्या पोरीशी लग्न करतो आणि लंडनचा लॉर्ड मेयर होतो. आयडल झोपा काढतो आणि फासावर जातो. नावातच निकाल लावलेला. लंडनमध्ये हजारो उमेदवार राबत होते आणि मेयरची खुर्ची एकच होती, हे गणित मांडायला बारा चित्रं पुरली नाहीत. ही मालिका म्हणजे आजच्या लिंक्डइन पोस्टची पणजी आहे.

याबाबतीत मी आयता नमुना आहे. मी आंबेगाव तालुक्यातला, आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. प्लेसमेंट झाली तेव्हा गावात फ्लेक्स लागला होता. माझा फोटो, पॅकेजचा आकडा, खाली ‘जिद्द, चिकाटी, परिश्रम’. परिश्रम होतेच. पण माझी इंजिनिअरिंगची फी उसातून आली आणि ऊस डिंभे धरणाच्या कालव्यावर आला. त्या धरणाच्या पाण्याखाली खुद्द जुनं आंबेगाव गेलं, ज्याच्या नावाने आमचा तालुका आहे. वरच्या खोऱ्यातल्या कितीतरी आदिवासी घरांच्या जमिनी गेल्या. त्या घरातला माझ्या वयाचा पोरगा आज मंचरच्या बाजारात हमाली करत असेल तर त्याला आळशी म्हणायचं आणि मला जिद्दी म्हणायचं? माझा फ्लेक्स रुंद केला असता तर एका कडेला धरणाची भिंत दिसली असती. म्हणूनच तो रुंद करत नाहीत.

तिसरं चित्र दारूचं. एसटी स्टँडच्या भिंतीवर ते हमखास असतं. गटारात पडलेला बाप, रडणारी आई, फाटक्या कपड्यातली पोरं. हॉगार्थचं सर्वांत गाजलेलं चित्रही दारूचंच आहे, १७५१ सालचं ‘जिन लेन’. पायरीवर बसलेल्या झिंगलेल्या बाईच्या हातून तिचं तान्हं पोर खाली पडतंय आणि तिला पत्ता नाही. भिंतीवरच्या चित्रकाराने तेवढंच काढलं असतं. हॉगार्थने बाजूला गहाणवटवाल्याचं दुकान काढलं. सुतार आपली करवत गहाण टाकतोय, बाई स्वयंपाकाची भांडी. आख्खी गल्ली कोसळतेय आणि धंदा जोरात चाललाय तो गहाणवटवाल्याचा. जोडीचं चित्र ‘बिअर स्ट्रीट’. तिथे बिअर पिणारे लोक गुटगुटीत, आनंदी, आणि गहाणवटवाल्याचं दुकान तेवढं मोडकळीला आलेलं.

म्हणजे गरिबाची दारू पाप, बऱ्या माणसाची दारू आरोग्य. ओळखीचं वाटतंय? २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा कारण सांगितलं होतं शेतकऱ्याच्या उत्पन्नाचं. वाइन म्हणजे दारू नव्हे, असंही ऐकायला मिळालं. नारायणगावच्या आसपास द्राक्षं आहेत, वाइनरीही इथे १९८० च्या दशकातच आली. इंग्लंडमध्ये जिन फोफावली तीही अशीच. १६९० च्या सुमारास सरकारनेच धान्यापासून मद्य काढायला उत्तेजन दिलं, कारण त्यात जमीनदारांच्या धान्याला गिऱ्हाईक मिळत होतं. साठ वर्षांनी गल्लीतल्या बाईवर बोट ठेवलं. आपल्याकडे गावातलं दुकान बंद करायचं तर उभी बाटली-आडवी बाटली मतदान लागतं, आणि आलेल्या मतांत नाही, तर यादीतल्या एकूण बायकांत निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीकडे यायला लागतात. कांद्याच्या काढणीवर गेलेली बाई मतदानाला आली नाही, तर तिचा फायदा दुकानाला. हे एवढं भिंतीवर कोण रंगवणार? गटारातला बाप रंगवायला सोपा.

इथे काही जण म्हणतील, ‘सगळं व्यवस्थेवर ढकललं की माणसाची जबाबदारी संपते. पिणारा पितोच ना?’ पितो. त्याला जाब विचाराच. पण जाब विचारताना एकट्यालाच का विचारायचं? १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळायला सुरुवात केली, तेव्हाही साहेबलोकांत एक तयार चित्र फिरत होतं. कुणबी लग्नात उधळतो म्हणून बुडतो. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगालाच लिहावं लागलं, की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. दीडशे वर्षं झाली. शेतकरी आत्महत्येची बातमी आली की खाली कमेंट येतेच, ‘लग्नात खर्च कशाला करायचा?’

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ‘तीस सेकंदांत काय काय दाखवणार?’ मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. फीडला जे मोजायला सांगाल ते तो वाढवतो. थांबलेली नजर मोजता येते, मनात उठलेला प्रश्न मोजता येत नाही. एकटा रडका चेहरा नजर थांबवतो, गर्दी थांबवत नाही. त्यामुळे कापणं हा नुसता कुणाचा आळस नाही, त्यात कमाई आहे. पण हॉगार्थकडे तरी काय होतं? एक कागद, एक रंग, स्थिर चित्र. सेकंदांची अडचण असती तर त्याला शून्य सेकंद होते. प्रश्न वेळेचा नाही, कॅमेरा किती मागे न्यायची तयारी आहे याचा आहे.

आणि कॅमेरा मागे न्यायला आपल्याला लंडनला जायची गरज नाही. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं. जोशीबुवा एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. साध्या नीतिकथेत बोध निघाला असता, ‘अडाणी बाई, अंधश्रद्धा सोड.’ फुल्यांनी मधे विदूषक उभा केला. पैसा कुठून कुठे चाललाय, हे तो प्रत्येक वळणावर पब्लिकला दाखवत राहतो. दक्षिणा प्राइज कमिटीने नाटक नाकारलं, यात नवल नाही.

तमाशातला सोंगाड्या तेच काम करत आला. वगात राजा बोलला की सोंगाड्या त्या बोलण्याची किंमत काढतो. पाटील, तलाठी, आमदार, यात्रा कमिटी, पुढच्या रांगेत बसलेला प्रतिष्ठित, कुणी सुटत नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे संहिता तपासून घ्यायच्या अटीवर ती उठवली. अश्लीलता हे कारण होतं. अश्लीलता होतीही. पण सोंगाड्या जे आयत्या वेळी बोलतो ते कुठल्या संहितेत सापडणार होतं? ज्या बाईने आयुष्यभर सोंगाड्याच्या शेजारी उभं राहून काम केलं, तिची गोष्ट आपण सोंगाड्या वगळून सांगतो. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

रील बनवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. नीतीची गोष्ट जरूर सांगा. पण गोष्टीतला एक तरी माणूस असा ठेवा, ज्याला ती बघून अवघडल्यासारखं होईल आणि जो गरीब नसेल. सुपारी ठरवणारा ठेवा, उचल देणारा ठेवा, मेमधला टोमॅटोवाला ठेवा, धरणाची भिंत ठेवा. आणि बघणाऱ्यांनी, म्हणजे तुम्ही-मी, पुढच्या वेळी डोळ्यांत पाणी आलं की फॉरवर्डच्या बाणावर अंगठा ठेवण्याआधी खाली कमेंट टाकायची, ‘पैसे कोण देत होतं?’ उत्तर येणार नाही. तरी विचारायचं. तंबूत बसलेल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या पब्लिकला जर ‘बास’ म्हणता आलं, तर आपल्या हातात तर कीबोर्ड आहे.